कुंडीतला शरद : शेवंती, उंबरठा आणि दुरावलेली भूमी

१. प्रश्नाची मांडणी

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासात फुलांचा विचार बहुधा प्रतीककोशाच्या पद्धतीने होत आला आहे. शेवंती म्हणजे चीनमध्ये एकांतवास, जपानमध्ये राजचिन्ह आणि फ्रान्समध्ये मृत्यू, अशी समीकरणे मांडली जातात. एकाच फुलाला देशोदेशी इतके भिन्न अर्थ कसे लाभले याविषयी आश्चर्य व्यक्त होते आणि विवेचन तेथेच थांबते. या पद्धतीत एक साधा प्रश्न सुटून जातो : हे फूल कशात उभे आहे? जमिनीत, कुंडीत की फुलदाणीत? आणि ज्या जागेवर ते उभे आहे ती जागा कोणाची आहे?

प्रस्तुत निबंधात शरदऋतूत दारापुढे, ओसरीवर वा पायऱ्यांवर मांडल्या जाणाऱ्या फुलझाडांच्या कुंड्या हा विषय या प्रश्नाच्या अनुरोधाने विचारात घेतला आहे. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत सप्टेंबर सरत आला की घरोघरच्या पोर्चवर शेवंतीच्या पिवळ्या, तांबूस आणि जांभळ्या कुंड्या, शोभेची कोबी आणि भोपळे दिसू लागतात. वरवर पाहता हा गृहसजावटीचा एक किरकोळ प्रकार आहे. परंतु त्यामागे चीन, जपान आणि युरोप यांना जोडणारा दीर्घ इतिहास आहे, आणि त्या इतिहासाच्या प्रत्येक टप्प्यावर साहित्याने आपली साक्ष नोंदवली आहे. ती साक्ष एकत्र वाचली असता असे दिसते की, कुंडी ही जमिनीपासून दुरावलेल्या माणसाची बाग आहे आणि शरदातील कुंडीचा अर्थ तिच्यातील फुलापेक्षा ती मांडणाऱ्याच्या भूमीशी असलेल्या नात्यावरून अधिक उलगडतो. हेच या निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

आरंभीच एका शब्दाविषयी सावध राहिले पाहिजे. आपण ‘ऑटम’ या शब्दासाठी ‘शरद’ वापरतो. परंतु दोहोंचा भावार्थ एक नाही. आपला शरद पावसाळ्यानंतर येतो. त्यात आकाश निवळते, नद्यांचे पाणी स्वच्छ होते, धान्य घरात येते. कालिदासाने ‘ऋतुसंहारा’त शरदाची कल्पना नववधूच्या रूपात केली आहे. समशीतोष्ण प्रदेशातील शरद हा मात्र पानगळीचा आणि येऊ घातलेल्या हिमाच्या चाहुलीचा काळ आहे. पहिल्यात सृष्टी उघडते, तर दुसऱ्यात ती मिटू लागते. मिटणाऱ्या ऋतूतच फुलाला उचलून दाराशी आणण्याची निकड निर्माण होते, हे या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

२. कुंपणाकडून कुंडीकडे : चीन

चिनी साहित्यपरंपरेत शेवंतीचे नाव ताओ युआनमिंग या कवीशी कायमचे जोडले गेले आहे. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांत होऊन गेलेल्या या कवीने ४०५ मध्ये आपल्या सरकारी पदाचा त्याग केला आणि तो शेतीवाडीकडे परतला. त्याच्या एका कवितेतील पूर्वेकडील कुंपणापाशी फुललेल्या शेवंतीचा उल्लेख इतका रूढ झाला की, पुढील शतकांत ‘पूर्वेचे कुंपण’ एवढे दोन शब्दही शेवंती आणि एकांतवास या दोहोंचा बोध करून देण्यास पुरेसे ठरले. मात्र येथे एक तपशील लक्षात घेतला पाहिजे. ताओची शेवंती जमिनीत लावलेली आहे. ज्या कुंपणाशी ती फुलते ते त्याच्या स्वतःच्या घराचे कुंपण आहे. पद सोडून माणूस आपल्या मातीत परतला आहे आणि शेवंती त्या परतण्याची खूण आहे. ‘एकांतवासाचे फूल’ या समीकरणात हा भूमीचा आधार दिसेनासा होतो.

सुंग राजवटीत शेवंती हा नागर छंद झाला. लिऊ मेंग याने ११०४ मध्ये केवळ शेवंतीच्या प्रकारांना वाहिलेला ग्रंथ लिहिला. पुढे बाराव्या शतकात कवी फान चंगदा यानेही आपल्या बागेतील शेवंतीवर असाच ग्रंथ रचला. प्रकारांची नोंद, रंगांची प्रतवारी आणि नावे ठेवण्याची हौस या सर्व गोष्टी बागकामाइतक्याच वाङ्मयीन आहेत. याच काळातील काइफेंग या राजधानीचे वर्णन मेंग युआनलाओ याच्या आठवणींच्या ग्रंथात आढळते. नवव्या महिन्याच्या नवमीला, म्हणजे शेवंतीच्या सणाला, शहरातील मद्यगृहे शेवंतीच्या फुलांनी आपली प्रवेशद्वारे बांधून काढीत, असे तो सांगतो. शेवंती शेताच्या कुंपणावरून शहरातील दुकानाच्या दाराशी आली, याची ही एक महत्त्वाची नोंद आहे. परंतु हा ग्रंथ कोणत्या परिस्थितीत लिहिला गेला हेही पाहिले पाहिजे. ११२७ मध्ये काइफेंग जुर्चेन आक्रमकांच्या हाती पडले. लेखक दक्षिणेत निर्वासित होऊन आला आणि ११४७ च्या प्रस्तावनेसह त्याने हरवलेल्या शहराचे हे चित्र सिद्ध केले. फुलांनी बांधलेली ती दारे लिहिताना त्याच्या पायाखाली ती भूमी उरली नव्हती.

अठराव्या शतकातील त्साओ शुएछिन याच्या ‘लाल महालाचे स्वप्न’ या कादंबरीच्या अडतिसाव्या प्रकरणात शेवंतीवर काव्यस्पर्धा होते. तीत बारा विषय ठरवले जातात. शेवंतीची आठवण, तिचा शोध, तिची लागवड, ती फुलदाणीत मांडणे, तिचे चित्र, तिची सावली, तिचे स्वप्न आणि शेवटी तिचे कोमेजणे, असा हा क्रम आहे. हे बारा विषय एका पाठोपाठ वाचले तर फूल पायरीपायरीने मातीपासून दूर जाताना दिसते : आधी लागवड, मग फुलदाणी, मग चित्र, मग सावली. स्पर्धेत पहिली येते ती लिन दायुयू. ती आईवडिलांवाचून नातलगांच्या आश्रयाने राहणारी मुलगी आहे आणि त्या विशाल बागेतील एक वीतभर जमीनही तिची नाही. कादंबरीकाराने हा विजय तिच्याच पदरात घालावा, हे कथानकाच्या अंतर्गत न्यायाला धरून आहे.

या संदर्भात सर्वांत बोलकी साक्ष सूचौ येथील शन फू याची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या ‘तरंगत्या जीवनाच्या सहा नोंदी’ या आत्मकथनात तो आपला शेवंतीचा छंद सांगतो. आपल्याला फुले खुडून फुलदाणीत ठेवणे आवडते, कुंडीतली शेवंती नव्हे, असे म्हणून तो त्याचे कारणही देतो. कुंडीतली शेवंती पाहण्याजोगी नसते असे त्याचे म्हणणे नाही. आपल्या घराला बाग नाही, त्यामुळे स्वतः रोपे वाढवता येत नाहीत. आणि बाजारात विकायला येणाऱ्या कुंड्या दाटीवाटीच्या, डौल नसलेल्या असतात. रसिकाची अभिरुची म्हणून जे सादर होते त्याच्या मुळाशी येथे भूमिहीनता आहे, आणि लेखकाने ती लपवलेली नाही. बाजारातल्या कुंडीविषयी साहित्यात आढळणारी ही एक जुनी आणि नेमकी तक्रार आहे.

३. भिक्षापात्र ते फुलपात्र : जपान

जपानी भाषेत कुंडीला ‘हाचि’ म्हणतात. हा शब्द भारतीय वाचकाला परका वाटला तरी तो मूळचा आपलाच आहे. संस्कृत ‘पात्र’ हा शब्द बौद्ध भिक्षूच्या भिक्षापात्राच्या अर्थाने चिनी भाषेत ध्वन्यनुकरणाने गेला, तेथे त्याचे पहिले अक्षरच तेवढे उरले आणि जपानीत त्याचा उच्चार ‘हाचि’ झाला. पुढे वाडगा, मग झाड लावण्याची कुंडी, असा त्याचा अर्थविस्तार झाला. ज्याने घरदार आणि जमीन सोडली त्या भिक्षूचे पात्र आणि ज्याला जमीन नाही अशा झाडाचे पात्र यांना एकच शब्द लागावा, यात भाषेने एक खोल साम्य जपून ठेवले आहे असे म्हणता येईल.

हेच साम्य ‘हाचि नो की’ म्हणजे ‘कुंडीतील झाडे’ या नो नाटकात नाट्यरूप घेते. नाटक हिवाळ्यातील आहे. परंतु कुंडीचा अर्थ समजण्यासाठी ते टाळता येत नाही. सानो गेन्झाएमोन या सामुराईच्या जमिनी त्याच्या नातलगांनी बळकावल्या आहेत. बर्फाच्या रात्री एक प्रवासी भिक्षू त्याच्या झोपडीत आश्रयाला येतो. घरात सरपण नाही. सानोजवळ पूर्वीच्या वैभवातील केवळ तीन कुंडीतली झाडे उरली आहेत : प्लम, चेरी आणि पाइन. अतिथीला ऊब मिळावी म्हणून तो ती तिन्ही तोडून जाळतो. तो भिक्षू वस्तुतः वेषांतर केलेला राज्यपालक होजो तोकियोरी असतो. पुढे तो सानोला त्याची गेलेली जमीन परत देतो, शिवाय आणखी तीन जहागिरी देतो, आणि त्या तिन्हींच्या नावांत प्लम, चेरी आणि पाइन हे शब्द आहेत. जळालेल्या प्रत्येक कुंडीबद्दल जमिनीचा एक तुकडा, असा हा विनिमय आहे. कुंडी ही गमावलेल्या भूमीची जागा घेते, हे इतक्या स्पष्टपणे मांडणारी दुसरी कलाकृती क्वचितच सापडेल.

शेवंती जपानमध्ये चीनमधून आली, राजदरबारात रुजली आणि सोळा पाकळ्यांची शेवंती १८६९ मध्ये अधिकृत राजचिन्ह झाली. परंतु एडो शहरातील सामान्यांच्या शेवंतीचा इतिहास वेगळा आहे. अठराव्या शतकात या शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात गेली होती. कारागीर आणि दुकानदार लांबट चाळींत, अरुंद गल्ल्यांत भाड्याने राहत. अंगण नसलेल्या या वस्तीत दाराशी मांडलेल्या कुंड्या हीच बाग होती आणि फुलझाडांचे बाजार त्यासाठीच भरत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुगामो येथील माळ्यांनी शेवंतीपासून मनुष्याकृती व देखावे रचण्यास आरंभ केला. पुढे दांगोझाका येथील शेवंतीच्या बाहुल्या तोक्योचे शारदीय आकर्षण ठरल्या. या बाहुल्यांत फुले खुडून लावत नसत. रोपे मुळांसकट उपटून, मुळांभोवती ओले शेवाळ गुंडाळून ती सांगाड्यात बसवली जात. येथे कुंडीसुद्धा उरली नाही. मूळ आहे, पाणी आहे. पण माती नाही.

आधुनिक जपानी कादंबरीने हे स्थळ निवडावे हा योगायोग नव्हे. फुताबातेई शिमेई याच्या १८८७ ते १८८९ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘उकिगुमो’ या कादंबरीत दांगोझाकाची सहल येते. नात्सुमे सोसेकी याच्या १९०८ मधील ‘सान्शिरो’त याच प्रदर्शनाच्या गर्दीतून मिनेको आणि सान्शिरो बाहेर पडतात आणि ओढ्याकाठी बसले असता मिनेको हरवलेल्या मेंढराविषयीचे प्रसिद्ध शब्द उच्चारते. गावाकडून राजधानीत आलेला, कोठेच न रुजलेला तरुण आणि शेवाळात गुंडाळलेल्या मुळांच्या बाहुल्या यांना कादंबरीने शेजारी ठेवले आहे. शेवंतीचा अर्थ ‘राजचिन्ह’ असा घेऊन बसलेल्या वाचकाला हा प्रसंग केवळ पार्श्वभूमी वाटेल. मुळांकडे पाहणाऱ्याला तो कादंबरीच्या आशयाचा भाग वाटेल.

४. काचेची पेटी, थडगे आणि पोर्च

चिनी शेवंतीचे युरोपात यशस्वी आगमन १७८९ मध्ये मार्सेय बंदरात झाले. ब्लांकार या व्यापाऱ्याने आणलेल्या रोपांपैकी एक जगले. यानंतरच्या प्रसाराला निर्णायक गती दिली ती दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे नॅथॅनियल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरांनी १८२९ नंतर विकसित केलेली बंद काचेची पेटी. तीत आतील ओलावा पुन्हा पुन्हा मातीत उतरत असल्यामुळे महिनोन्महिने पाणी न घालता रोपे जहाजातून नेता येऊ लागली. दुसरी म्हणजे अफूचे युद्ध. १८४२ च्या नानजिंग तहानंतर लंडनच्या उद्यानसंस्थेने रॉबर्ट फॉर्च्यून यांना चीनमध्ये धाडले. ब्रिटिश सैन्याने व्यापलेल्या चौशान बेटाच्या नावाने ओळखली गेलेली लहान फुलांची शेवंती त्यांनी १८४६ मध्ये इंग्लंडला पोहोचवली आणि तिच्यापासून फ्रान्समध्ये गेंददार जाती तयार झाल्या. १८६० मध्ये फॉर्च्यून जपानला गेले. फुलांची आवड हे सुसंस्कृततेचे लक्षण मानले तर जपानमधील खालचे वर्ग इंग्लंडमधील त्याच वर्गांपेक्षा सरस ठरतात, अशा आशयाचे मत त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले. वॉर्डची पेटी हीसुद्धा एक कुंडीच होती. फरक इतकाच की, हिच्यात रोपाला जमिनीपासून तोडणारा आणि त्याला नवी जमीन देणारा एकच होता, आणि त्याच्या हाती सत्ता होती.

फ्रान्समध्ये शेवंतीचा बहर १ नोव्हेंबरच्या सर्वसंतदिनाशी जुळला. थंडीला न डगमगणारे हे झाड कुंडीत लावून थडग्यावर नेऊन ठेवण्याची प्रथा पहिल्या महायुद्धानंतर सार्वत्रिक झाली. आजही तेथे यजमानाच्या घरी शेवंतीची कुंडी भेट नेणे अशुभ समजतात. यावरून ‘शेवंती म्हणजे मृत्यू’ असे समीकरण करण्यापूर्वी कुंडी कोठे ठेवली आहे ते पाहावे. थडगे ही माणसाच्या नावावर उरणारी शेवटची जमीन असते, आणि तिच्या दाराशी, म्हणजे शिळेच्या पायथ्याशी, ही कुंडी ठेवलेली आहे. डी. एच. लॉरेन्स यांच्या १९११ मधील ‘ओडर ऑफ क्रिसॅन्थेमम्स’ या कथेतही शेवंती वाटेच्या कडेने फुलते, स्त्रीच्या कमरपट्ट्यात खोचली जाते आणि अखेर दिवाणखान्यातील फुलदाणीत येते. खाणीत मृत्यू पावलेल्या पतीचा देह घरात आणताना ती फुलदाणी धक्का लागून पडते. विवाह, अपत्यजन्म आणि पतीला प्रथम दारूच्या नशेत घरी आणले तो प्रसंग, या सर्व वेळी शेवंती होती, असे ती स्त्री सांगते. जमिनीच्या वर बाग आणि जमिनीच्या पोटात खाण, अशा दोन भूमींमध्ये ही कथा घडते.

अमेरिकेत या फुलाला पोर्च मिळाला. घरापुढील छताखालच्या मोकळ्या जागेचा तेथील स्वयंपूर्ण घराच्या कल्पनेशी संबंध जोडणाऱ्यांत अँड्र्यू जॅक्सन डाऊनिंग यांचे नाव अग्रभागी येते. १८४२ आणि १८५० मधील त्यांच्या ग्रंथांनी मध्यमवर्गीय घराला व्हरांडा हवाच, हा विचार रुजवला. हा ‘व्हरांडा’ शब्द इंग्रजीत गेला तो भारतातून. त्याची व्युत्पत्ती भारतीय की पोर्तुगीज याविषयी मतभेद आहेत. आपण ओसरी व पडवी हे शब्द असतानाही तो इंग्रजीमार्फत पुन्हा स्वीकारला. पोर्च हा धड घर नव्हे आणि धड रस्ता नव्हे. तेथे जी कुंडी ठेवली जाते ती घरच्यांसाठी जितकी, तितकीच जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी असते.

जॉन स्टाइनबेक यांची १९३७ मधील ‘द क्रिसॅन्थेमम्स’ ही कथा या संपूर्ण इतिहासाचा सारांश वाटावी अशी आहे. सॅलिनास खोऱ्यातील एलिसा ॲलन ही कर्तबगार स्त्री आपली शेवंती कमालीच्या कौशल्याने वाढवते. तिचे हात सफरचंदांच्या बागेत लागले तर बरे होईल, असे तिचा पती सहज म्हणून जातो. कारण जमीन, गुरे आणि व्यवहार हे त्याचे क्षेत्र आहे आणि कुंपणाच्या आतील फुलांचा तुकडा तेवढा तिचा. एक भटका भांडीदुरुस्तीवाला येतो, शेवंतीत रस असल्याचे भासवतो. ती एका नव्या लाल कुंडीत ओल्या रेतीत कोंब लावून, काळजीपूर्वक सूचना देऊन त्याच्या स्वाधीन करते. संध्याकाळी पतीबरोबर शहराकडे जाताना तिला रस्त्यात दुरून एक काळा ठिपका दिसतो. त्याने कोंब फेकून दिले आहेत आणि कुंडी ठेवून घेतली आहे. या कथेवरील विवेचनात शेवंतीला स्त्रीत्वाचे प्रतीक मानण्याचा प्रघात आहे. तो चुकीचा नाही. पण अपुरा आहे. फिरत्या माणसाला रोपाचा उपयोग नाही, कारण ते लावायला त्याच्याजवळ जमीन नाही. कुंडीला मात्र बाजारात किंमत आहे. एलिसाच्या नावावरही जमीन नाही, आणि तिचे कौशल्य ज्या पात्रात तिने बाहेर पाठवले ते पात्रच तेवढे विकाऊ ठरले. येथे दोन भूमिहीन माणसे समोरासमोर येतात आणि त्यांतील एक दुसऱ्याला फसवतो. ही कथेची खरी वेदना आहे.

५. ऋतूपासून सुटका

कुंडीने शेवंतीला जमिनीपासून सोडवले. विसाव्या शतकाने तिला ऋतूपासून सोडवले. १९२० मध्ये गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दिवस व रात्र यांच्या लांबीवर अनेक वनस्पतींचे फुलणे अवलंबून असते, हा शोध प्रसिद्ध केला. शेवंती ही लांब रात्रींची वनस्पती आहे. रात्र मोठी होऊ लागली की तिला कळी धरते. म्हणूनच ती शरदाची खूण ठरली. हे उमगल्यावर काळे कापड पांघरून कृत्रिम रात्र निर्माण करणे आणि दिवे लावून रात्र मोडणे उत्पादकाला शक्य झाले. शेवंती आता वर्षाच्या कोणत्याही आठवड्यात बाजारात आणता येते.

तरीही पोर्चवरील कुंडी शरदातच मांडली जाते, हे लक्षणीय आहे. ऋतू फूल आणीत होता. आता फूल ऋतूची सही म्हणून मागवले जाते. या मांडणीचे शास्त्र आज चांगले रूढ आहे. तळाला पाण्याच्या निचऱ्यासाठी छिद्र असलेली रुंद कुंडी घ्यावी. मध्यभागी शोभेचे उंच गवत, भोवती शेवंती, काठाशी पॅन्सी आणि लोंबणारी आयव्ही लावावी. शेवंती पूर्ण उमललेली न घेता कळ्यांनी भरलेली घ्यावी, म्हणजे ती अधिक दिवस टिकते. सोबतीला शोभेची कोबी असते. थंडी वाढते तशी तिची पाने अधिक गडद जांभळी होतात. ही कोबीसुद्धा एडोकालीन जपानी माळ्यांनीच शोभेसाठी विकसित केलेली आहे. म्हणजे अमेरिकी दाराशी मांडलेल्या एका कुंडीत एडोच्या गल्लीतील दोन वारस शेजारी उभे असतात, आणि ती मांडणाऱ्यास याची बहुधा कल्पना नसते.

या कुंडीचा शेवटही पाहण्याजोगा आहे. जमिनीत मुरलेली कणखर शेवंती हिवाळा काढून वसंतात पुन्हा फुटते, कारण खालची माती तिच्या मुळांना आधार देते. कुंडीतल्या मातीला थंडी चहूबाजूंनी भिडते, मुळे गोठतात आणि बहुवर्षायू झाड एका ऋतूचे होते. हिम पडले की ते फेकून दिले जाते. भूमी नसल्याने रोपाचे काय जाते, याचे हे शब्दशः उत्तर आहे : त्याचे पुढचे वर्ष जाते.

६. नावाचे पात्र आणि वृंदावन

आता भारताकडे वळताना प्रतिपाद्य उलट बाजूने तपासता येईल. मोनिअर-विल्यम्स यांच्या कोशात ‘सेमन्ती’ व ‘सेवती’ या संस्कृत शब्दांचा अर्थ पांढऱ्या गुलाबाचा एक प्रकार असा आहे, आणि हिंदीत ‘सेवती’ याच अर्थाने परिचित आहे. मराठीत ‘शेवंती’, कन्नडमध्ये ‘सेवंतिगे’, तेलुगूत ‘चामंती’ हे मात्र वेगळ्याच फुलाचे नाव झाले. हिंदीत त्याच फुलाला ‘गुलदाउदी’ असे फारसी वळणाचे आणि बंगालीत ‘चंद्रमल्लिका’ असे संस्कृत वळणाचे नाव आहे. जुन्या नावाच्या पात्रात दक्खनने नवे रोप लावले, असे याचे वर्णन करता येईल. पात्र तेच राहून आतील आशय बदलण्याची ही प्रक्रिया तुलनाकाराला नवीन नाही.

उत्तर भारतात आणि बंगालमध्ये हे फूल कुंडीत, प्रदर्शनात आणि गच्चीवर दिसते. कोलकात्यात अशा उद्यानसंस्कृतीची पायाभरणी करणाऱ्या कृषी व उद्यानविद्या संस्थेची स्थापना १८२० मध्ये विल्यम कॅरी यांनी केली. १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी लिपीत मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध करणारे फोर्ट विल्यम महाविद्यालयातील मराठीचे अध्यापक ते हेच. महाराष्ट्रात मात्र शेवंती हे मुख्यतः शेतातले फूल राहिले. दसरा-दिवाळीच्या सुमारास ते वजनावर विकले जाते आणि हार, तोरण व वेणी यांत ओवले जाते. उंबरठ्यावर ते येते ते तोरण होऊन. कुंडीची गरज तेथे पडलेली नाही, कारण शेत जवळ आहे.

मराठी घराच्या शरदातील पात्र वेगळेच आहे. ते म्हणजे तुळशीवृंदावन. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीचे लग्न लागते. त्यासाठी वृंदावन सारवून, गेरूने वा चुन्याने रंगवून, उसाच्या मांडवाखाली सजवले जाते. हीसुद्धा दारापुढील, शरदातील, रंगीत कुंडीच आहे. पण तिची रचना आतापर्यंत पाहिलेल्या कुंड्यांच्या नेमकी उलट आहे. तेथे पात्र हलते. येथे पात्र दगडविटांनी अंगणात कायमचे बांधलेले असते. रोप वाळले की नवे लावतात; वृंदावन तेच राहते. संन्याशांच्या समाधीलाही ‘वृंदावन’ म्हणतात, आणि मंत्रालय येथील राघवेंद्र स्वामींचे वृंदावन त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. भूमीवर कायमचा दावा सांगणारे पात्र, हा या शब्दाचा गाभा आहे.

तथापि हा दावा कोणाचा, हा प्रश्न येथेही विचारलाच पाहिजे. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या. या ओवीपरंपरेत तुळस हा एक मोठा विषय आहे. दाराशी उभी असलेली सखी, लेक, सवाष्ण अशा नात्यांनी बायका तिच्याशी बोलतात. या बायकांपैकी बहुतेकींच्या नावावर सासरची वा माहेरची जमीन नव्हती. त्या शेतात राबत होत्या. पण निर्णय त्यांच्या हाती असलेली माती एवढीच : वृंदावनातली. या दृष्टीने पाहता सॅलिनास खोऱ्यातील कुंपणाच्या आतला तुकडा आणि मावळातील अंगणातले वृंदावन यांची तुलना प्रतीकसाम्यावर न बेतता भूमीच्या मालकीवर बेतता येते. शेवंती आणि तुळस या फुलापानांत काहीही साम्य नाही. त्या दोघींची माती मात्र एकाच मापाची आहे.

आता वाडे गेले आणि अंगणेही गेली. मुंबई-पुण्याच्या सदनिकांत सिमेंटचे, संगमरवराचे वा प्लास्टिकचे तयार वृंदावन गॅलरीच्या कठड्याशी ठेवलेले दिसते. भाड्याचे घर बदलताना ते टेम्पोतून नेले जाते. जे पात्र जमिनीवरील हक्काचे चिन्ह होते ते उचलता येणारी कुंडी झाले. एडोच्या चाळीतील माणसाचे आणि शन फूचे जे झाले, तेच येथे उशिरा झाले आहे.

७. समारोप

वरील विवेचनातून तुलनात्मक अभ्यासासाठी एक मर्यादित सूचना निघते. प्रतिमेचा प्रवास अभ्यासताना वस्तू आणि तिचा अर्थ एकत्र प्रवास करतात असे आपण गृहीत धरतो आणि अर्थ बदललेला दिसला की त्याला संस्कृतिभेद असे नाव देतो. शेवंतीच्या बाबतीत रोपाने खरोखर प्रवास केला आणि त्याच्या तारखाही आपल्याजवळ आहेत. अर्थ मात्र प्रत्येक ठिकाणी नव्याने निर्माण झाला, आणि तो दरबार, चाळ, थडगे, पोर्च अशा ठेवण्याच्या जागेवरून ठरला. म्हणून फुलांच्या प्रतीककोशात देशाच्या नावापुढे अर्थ नोंदवण्याआधी ते फूल कशात उभे होते, ते तेथे कोणी ठेवले आणि त्या व्यक्तीच्या नावावर जमीन होती काय, एवढ्या तीन नोंदी केल्या गेल्या पाहिजेत. ओव्यांचा संग्रह, नो नाटके आणि आधुनिक कथा यांची तुलना ज्या पायावर सहसा होत नाही, तो पाया या तीन नोंदी पुरवतात. मराठी स्त्रीगीतांच्या अभ्यासकांनी वृंदावनाकडे भक्तीच्या बरोबरीने भूमीच्या हक्काच्या अंगाने पाहिले, तर हा विषय आणखी पुढे नेता येईल.